मंडळी

पहाटे साडेपाचला पाणी येतं शरणपूरच्या आमच्या गल्लीत.
आधी आमच्याकडे,
कारण आमचं घर पाइपाच्या तोंडाशी.
शेवटच्या टोकाला अमोलिक मावशी.
तिथं पोचेपर्यंत पाणी म्हणजे
पितळी तोटीतला नुसता खोकला.

आमची मोटार अर्ध्या घोड्याची.
अंबडच्या कारखान्यातून हे रिटायर झाले
तेव्हाच्या पैशातली पहिली खरेदी.
टाकी बावीस मिनिटांत भरते.
मी घड्याळ लावून बघितलं होतं, अभिमानानं.

चर्चच्या क्वायरमध्ये उजागरे सरांचा एकच नियम:
"शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल
तर समजायचं, आपण फार मोठ्यानं गातोय."
आणि ते हार्मोनियमकडे वळत.
माझ्याकडे बघत नसत. मुद्दाम.

माझा आवाज, काय सांगू,
वर जाऊन छताच्या लाकडाला लोंबकळायचा,
उतरायला तयार नसायचा.
नगरचे पाहुणे विचारायचे, ही कोणाची?
आई म्हणायची, "देवाची",
पण मान अशी वेळावून
की समोरच्याला कळावं, आमची.

त्या नाताळचा सोलो माझा होता.
बाजूला मावशी. तिचा आवाज शिळ्या भाकरीसारखा,
कडांना तुटलेला, तालात मात्र पक्का.
एका शनिवारी ती सरावाला आलीच नाही.
मी बघायला गेले.
अंगणात हंडे उपडे, ओळीनं,
डोकी टेकून बसल्यासारखे.
"चार दिवस पाणी नाही गं.
मळक्या साडीत कुठं उभी राहू तिथं?"
तक्रार नव्हती. आज थंडी आहे म्हणावं, तसं.
मग तिनं चहा केला. कप काठोकाठ.
पाणी कुठून आणलंस, मी विचारलं नाही.
शेवटच्या घोटापर्यंत प्याले.
उष्टा ठेवायची हिंमत नव्हती.

रात्री हे म्हणाले, "आपण एकट्यानं बंद करून काय होणार?
पुढं सात मोटारी आहेत."
खरंच होतं.
मी सकाळी प्लग काढला,
आमची टाकी अर्धीच राहिली
आणि वाचलेलं सगळं पाणी बागुलांच्या मोटारीनं ओढलं.
मावशीच्या तोटीला तोच खोकला.

त्याग करून दार लावून बसता येत नाही, हे तेव्हा कळलं.
दारोदार जावं लागतं, लाज खिशात घालून.
बागुलांकडे भजन चालू होतं, टाळ थांबेपर्यंत उभी राहिले.
शेखांच्या दादींनी ऐकून घेतलं
आणि माझ्यासमोरच नातवाला हाक मारली, "वायर काढ."
पाटोळे अजून बोलत नाहीत माझ्याशी.
त्यांची मोटार अजून चालते.

रजिस्टरात मंडळी म्हणजे दोनशे चौदा नावं,
बाप्तिस्म्याच्या तारखांसकट.
हे पाहुण्यांना माझी ओळख करून देतात, "ही आमची मंडळी",
एकट्या बाईला एवढं मोठं अनेकवचन.
पाइपाला मात्र यातलं काहीच ठाऊक नाही.
त्याच्या लेखी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत
एकच घसा.

नाताळला पहिलं कडवं मी पोटभर गायले, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्याला सर माझ्याकडे बघत नव्हते.
मी आवाज खाली आणला, आणखी खाली,
तेव्हा कुठं ती तुटकी कड ऐकू आली,
इस्त्री केलेल्या निळ्या साडीतून.
सोलो होता म्हणे तो.
लोकांना काय वाटलं, विचारलं नाही.
आईनं मान वेळावली नसती, एवढं नक्की.

अजूनही साडेपाचला हात बटणाकडे जातो.
मी धूळ पुसते. बोट तिथं थोडं जास्तच रेंगाळतं.
मग गल्लीच्या त्या टोकाला
रिकाम्या हंड्यात पहिली धार पडते,
आधी मोठ्यानं, मग भरत जाईल तशी हळू.
कधी ऐकू येते.
कधी पाटोळ्यांची मोटार मध्ये येते.